नमुना

बार रूममध्ये शिरले की कुणीतरी हळूच म्हणतं, "आला नमुना."
म्हणू देत.
सव्वीस वर्षं पिशवीत बाटल्या घेऊन फिरणाऱ्या बाईला
दुसरं काय म्हणणार?

काचेची बाटली, बुचावर लाख,
चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या,
तारीख, वेळ, नासर्डीचा डावा काठ,
पुलापासून किती पावलं.
घरच्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी त्यांचा कप्पा.
मुलगा चार वर्षांचा असताना
पिवळ्या बाटलीकडे बोट करून म्हणाला, "सरबत."
तेव्हापासून आमच्या फ्रीजला कुलूप आहे.

कारखाने पाणी सोडतात शनिवारी रात्री.
मंडळाचे साहेब येतात सोमवारी, जेवणानंतर.
मधला रविवार माझा.

पुंजाराम खैरनार माझा पहिला साक्षीदार.
अंबडला क्रोमच्या टाकीवर सतरा वर्षं:
हूक लावायचा, बंपर बुडवायचा,
वर काढला की त्यात स्वतःचं तोंड दिसायचं,
वाकडं, पण चकचकीत.
रात्री नाल्याचा व्हॉल्व्ह कोण उघडतं,
ते त्याने पाहिलं होतं. स्वतःच उघडला होता दोनदा.
तेही सांगितलं त्याने. शपथेवर. मी न विचारता.

उलटतपासाला टिपणीस. माझ्याच वर्गातले,
माझ्याच नोट्स वाचून पास झालेले.
"बरं, त्या पाण्याला वास कसला होता?"
पुंजाराम म्हणाला,
"सायब, मला वास येत न्हाई."

कोर्ट हसलं.
शिरस्तेदार हसला, दाराशी उभा पट्टेवाला हसला,
टिपणीस बसताना कोटाची बटणं सावरत होते.
मला फेरतपासाचा हक्क होता.
मी उठले नाही.

प्रश्न सुचला बाहेर,
दगडी जिन्याच्या चौथ्या पायरीवर:
कधीपासून?

एवढाच. दोन सेकंदांचा.
सीबीएसच्या टपरीवर चहा घेताना त्याला विचारला,
तेव्हा त्याने मान वर करून नाक उन्हाकडे धरलं.
दोन नाकपुड्यांमधली भिंत नव्हती.
एका बाजूने शिरलेलं ऊन
दुसऱ्या बाजूने दिसत होतं.
"नाशकात राहून कांद्याचा वास न्हाई, बाई.
फोडणी करपली की बायको चिडते,
मी तिथंच बसलेला असतो."

तो दावा मी हरले.
पुढचा लढवायला आठ वर्षं लागली, पुण्याच्या खंडपीठापुढे.
त्यात पुंजारामच्या नाकाला निशाणी क्रमांक मिळाला,
डॉक्टरचा दाखला मिळाला, एकसष्ट पानी निकालात
साडेतीन ओळी मिळाल्या.
त्याला स्वतःला दोन वर्षं आधीच लाकडं मिळाली होती.

चेक घ्यायला झुंबरबाई आली.
आकडा वाचून घेतला, दोनदा,
मग विचारलं, "हे वासाचे का जीवाचे?"
मी निकाल चाळू लागले.
कायद्याने काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं,
तरी चाळत राहिले.

कंपनीने पाटी बदलली.
दोन गल्ल्या पलीकडे नवं नाव, हिरवं पान, खाली "उद्याच्या पिढीसाठी".
टाक्या त्याच. एका टाकीला पोचा आहे,
मी ओळखते.

आज रविवार. पहाट.
ज्युनिअर विचारते, "मॅडम, वासाच्या रकान्यात काय लिहू?"
मी बाटली नाकाशी धरते.
"लिही, येतो."

पुलापासून पावलं: दोनशे चार.
जुन्या पंचनाम्यात एकशे ऐंशी आहेत.
पूल तोच, पाइप तोच,
माझं पाऊल आखूड झालंय.
टिपणीसांच्या हाती हे लागलं
तर नक्की हरकत घेतील.